नको म्हणणारी तीन ताटं

१४ जुलै १९८७, मंगळवार

चकल्यांचा डबा रिकामा. रविवारी केल्या, आज मंगळवार. आम्हा दोघांना एवढ्या पंधरा दिवस पुरायच्या. चुरासुद्धा ठेवला नाही, डबा बोटाने पुसून काढलेला.

भाऊजींची मुलं येऊन आज महिना झाला. वैशाली अकरा, अभय आठ, चिंगी पाच. शालू, माझी धाकटी जाऊ, फाल्गुनात काविळीने गेली. भाऊजी टेम्पोवर, आज नाशिक तर उद्या सुरत. बदलापूर गावातल्या घराला बहुतेक दिवस कुलूपच. "वयनी, माझा जम बसेस्तवर पोरां ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," म्हणाले. हे लगेच हो म्हणाले. मीही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांकडे बघून नाही कोण म्हणणार?

सोळा वर्षं ह्या घरात आम्ही दोघंच. डॉक्टर झाले, उपास झाले, मग तो विषय मीच बंद केला. आता तीन मुलं उसनी आलीत. आजच लिहून ठेवते म्हणजे पुढे सबब नको: ही परत जायची आहेत. जीव लावायचा नाही. पोटभर खायला घालायचं, वेळेवर शाळेत पाठवायचं, बस.

१९ जुलै, रविवार

आज मुद्दाम जास्तीचं रांधलं. दोन वाट्या तांदूळ, डाळ, बटाट्याची भाजी, अठरा चपात्या. सगळ्यांना एकदम बसवलं. पहिलं वाढून झाल्यावर नीट विचारलं, "वैशू, भात वाढू?"

"नको काकू."

अभयने बहिणीकडे पाहिलं. "नको." चिंगीने अभयकडे पाहिलं. "नको." चपातीचं विचारलं, तेच. पुन्हा एकदा विचारलं, तरी तेच. मी झाकण ठेवलं. भात उरला, पाच चपात्या उरल्या.

चार वाजता स्वयंपाकघरात गेले तर अभय कोपऱ्यात उभा राहून कच्चे पोहे चावतोय. गालात कोंबलेले, माकडासारखे. "आत्ता तर जेवलास!" मान खाली. गुळाच्या ढेपेवर चिमुकल्या दातांचे ठसे, ते चिंगीचे असणार.

जेवताना भूक नाही आणि उठलं की भूक. ही कुठली तऱ्हा?

२७ जुलै

मी कामाला जाते त्या कंपनीत सगळ्यांनी एकमुखाने जंत ठरवले. औषध आणलं. तिघांना रांगेत उभं करून पाजलं. वैशूने नाक न दाबता घेतलं, अभयने ओकारी काढली, चिंगीला धरायला ह्यांना बोलवावं लागलं. ती ह्यांच्या हाताला चावली.

"हिला नक्की भूक लागलीय," हे म्हणाले आणि हसत बसले. ह्यांना सगळ्याचंच हसू येतं.

३० जुलै

जंत वगैरे काही नव्हते. शेंगदाण्यांची बरणी मात्र अर्धी झाली.

५ ऑगस्ट

आज मी वाईट वागले. लिहून टाकते.

वळकटी उचलताना आतून तीन चपात्या पडल्या. वहीच्या कागदात गुंडाळलेल्या, कडक झालेल्या. माझं डोकंच फिरलं. तिघांना पुढे उभं केलं. "माझ्या घरात चोरून खायची वेळ येते का तुमच्यावर? मी कधी हात आखडला? बोला!" अभय रडायला लागला. मला वाटलं हाच. त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

वैशू म्हणाली, "त्याने नाही, मी ठेवल्या. चोरल्या नाहीत. माझ्या वाट्याच्या आहेत."

"मग खाल्ल्या का नाहीत?"

"चिंगीला मधेच भूक लागते. तेव्हा देते."

म्हणजे ही पोर ताटातली एक खाते आणि बाकीच्या फ्रॉकच्या खिशात घालते. माझ्यासमोर बसून. आणि मी म्हणतेय हिचा आहार कमी.

"अगं, मग मागायचं ना माझ्याकडे!" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वावगं बोलले. शालूसारखीच भुवई आहे तिची.

अभयला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. कसं घेतात ते मला पटकन जमत नाही.

११ ऑगस्ट

कंपनीत दुपारी लाइट गेली ती आलीच नाही, लवकर सोडलं. घरी आले तर दाराला कडी, मुलं गायब. हाका मारल्या. समोरच्या ब्लॉकमधून चिंगीचं हसणं ऐकू आलं.

तिथल्या सिंधी अम्मा. घरी पापड लाटतात, दारात खाटेवर वाळत घालतात. इथे, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारमध्ये, राहायला आल्यापासून ओळख आहे, पण दारातून दारात, तेवढीच. आत पाहिलं तर माझी तिन्ही रत्नं जमिनीवर मांडी घालून बसलेली आणि अम्मा तव्यावरून कोकी काढतायत, ती त्यांची कांदा घातलेली जाड रोटी. अभयच्या ताटात टाकली. त्याने खाल्ली. आणखी टाकली. खाल्ली. वर दही. एकाच्याही तोंडून "नको" नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिंगीचा हात धरून ओढलं. "अम्मा, हमारे घर में खाना है."

"है तो," अम्मा म्हणाल्या, तव्यावरची नजर न काढता. "रोज आवाज आता है तेरा. वाढू क्या, वाढू क्या. अरे, बच्चे से कोई पूछता है? मैं तो पूछती ही नहीं. थाली में डाल. खाना होगा तो खाएगा, नहीं तो छोड़ देगा."

"छोड़ेगा तो बरबाद होगा ना."

"तो तू खा ले!"

म्हणजे हे रोजचं आहे. चाळीसभर घरांनी पाहिलं असणार. काकू नोकरीवर जाते आणि पोरं शेजारणीकडे जेवतात. वर पाच किलोचा पिठाचा डबा भरलेला. रागापेक्षा लाज जास्त वाटली.

१२ ऑगस्ट

आज कंपनीच्या स्टोअरमध्ये माझ्या खिडकीशी एक नवीन फिटर आला, गळती थांबवायला पॅकिंग हवं म्हणून. स्लिप नव्हती. मी नेहमीसारखं "स्लिप आणा, मग इश्यू" म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, तिकडे पंप गळतोय." मी म्हणाले, "गळू दे, स्लिप आणा."

तो गेला आणि माझा हात रजिस्टरवरच थांबला. चौदा वर्षं ही खिडकी सांभाळतेय. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, मागितलं की मात्र काटेकोर द्यायचं. साहेब नावाजतात त्याबद्दल. घरीही माझी तीच खिडकी उघडी आहे की काय?

संध्याकाळी काही विचारलं नाही. तिघांच्या ताटात भात घातला. संपला, पुन्हा घातला. वैशूने ताटावर आडवा हात धरला, "नको काकू." मी तो हात बाजूला केला आणि वाढलं. पुढच्या वेळी हात अर्धवटच आला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

चपात्या कमी पडल्या, पुन्हा कणीक मळली. हे उभे राहून लाटत होते, नकाशेच नकाशे. कोणी किती खाल्ल्या ते मोजू नये, नजर लागते म्हणतात. मोजल्या नाहीत. पण पुष्कळ.

जेवणं झाल्यावर चिंगी पोटावर हात ठेवून चटईवर आडवी झाली आणि तिथेच झोपली.

१६ ऑगस्ट, रविवार

आज वैशूच्या केसांना तेल लावताना उलगडा झाला. तोंड पलीकडे असलं की ती बोलते.

"आई म्हणायची, लोकांच्या घरी पहिल्यांदा वाढलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा वाढलं तर घ्यायचं, नाहीतर हावरट म्हणतात. आणि मागायचं तर कधीच नाही."

मी दोनदाच विचारत होते. आणि झाकण ठेवत होते.

शालू, तुझं वळण किती पक्कं गं. माझ्या आईनेही मला हेच शिकवलं होतं, मीच विसरले. मग अम्मांकडे का नको म्हणत नाही? विचारलं. "त्या विचारतच नाहीत," वैशू म्हणाली, "मग नको कशाला म्हणायचं?"

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. "लोकांच्या घरी."

१० नोव्हेंबर

फार दिवसांनी लिहितेय. वेळच नाही. सकाळी पाचला उठून एक डोंगर चपात्या, संध्याकाळी दुसरा डोंगर. दिवाळीचा फराळ लक्ष्मीपूजनालाच संपला, भाऊबिजेला पुन्हा चिवडा. भूक म्हणजे नुसती भूक नसते असं वाटायला लागलंय. महिनोन् महिने खायला घातल्यावर आता मधल्या वेळी डबे उघडत नाहीत. पोहे जागेवर आहेत, गूळ जागेवर आहे. पोट तेव्हाही भरलं असतं. भरवसा भरत नव्हता बहुतेक.

आज चिंगी शाळेतून आली आणि जिन्यातूनच ओरडली, "काकू! भूक लागलीऽऽ!" अख्ख्या ब्लॉकला ऐकू गेलं. मी भांडं खाली ठेवलं आणि उगाचच पदराने तोंड पुसलं. इतकं गोड काही मी ऐकलं नव्हतं. जुलैमधलं ते "जीव लावायचा नाही" वाचलं आणि हसू आलं. स्वतःचंच.

अभयही मागतो आता. वैशू नाही. वाढलं ते खाते, पोटभर खाते, पण तोंडाने मागत नाही.

३ फेब्रुवारी १९८८

वैशू भांडी लावता लावता म्हणाली, "काकू, उद्या वालाचं बिरडं करशील?"

मी "बघू" म्हणाले. बघू कसलं! लगेच वाल भिजत घातले. मग लक्षात आलं, मोड यायला परवा उजाडेल. तिला सांगितलं तर म्हणाली, "चालेल, परवा कर." हक्काने. जसं काही ती परवाही इथेच असणार आहे, तेरवाही.

ह्यांना सांगितलं. हे ह्या वेळी हसले नाहीत. "आता हिला कसं सोडशील तू?" म्हणाले.

७ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आले. पोरांना पाहून खूश. "वयनी, पोरां गुबगुबीत केलीस की! हा आभ्या तर वळखू येत नाय." जेवले, पान खाल्लं, मग सांगितलं. लग्न ठरतंय. कर्जतकडची आहे, सुनंदा नाव, सव्वीस वर्षांची. वैशाखात. "मग पोरांना घेऊन जाईन. तुला तरी किती दिस तरास?"

मी म्हणाले, "त्रास कसला?" आवाज बरोबर निघाला.

त्यांची मुलं आहेत. त्यांचं काही चुकत नाही. चुकत असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. हे म्हणाले, एकदा विचारून बघू, राहू द्या म्हणून. मी नको म्हणाले. आईवेगळी पोरं, निदान बापापासून तरी कशाला तोडायची? माय मरो मावशी जगो म्हणतात. काकूचं नाव मला कुठल्या म्हणीत आठवत नाही.

१५ मे

लग्न लागलं. मुलगी साधी आहे, घाबरलेली. माझ्या पाया पडली तेव्हा तिचे हात गार होते. मला तिच्यात खोट सापडली नाही. शोधली होती.

५ जून, रविवार

मुलं गेली. भाऊजी टेम्पो घेऊन आले, दप्तरं, वळकट्या, चिंगीची बाहुली. अम्मांनी पापडांचा पुडा दिला आणि तोंड फिरवून घरात गेल्या. चिंगी पुढे बसायला मिळणार म्हणून खूश. वैशू खाली वाकली, नमस्कार केला, परक्यांना करतात तसा. मी तिला उठवलं आणि घट्ट धरलं. आता येतं मला ते.

कोणाला काही सांगितलं नाही. म्हणजे सुनंदाला. मुलांना काय आवडतं, कसं वाढायचं. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

२६ जून, रविवार

दुपारी अचानक सुनंदा आली. एकटी, बदलापूरहून. पाणी प्यायली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"ताई, ही पोरां जेवत नाय ओ माझ्याकडं. इतका करते, इचारते, काय हवा, अजून वाढू? तिघांचा एकच, नको. आनि मागनं बघते तर डब्यातला खाल्लेला. शेजारी बोलतात, सावत्र आयशीने उपाशी ठेवली. हे पन माझ्याकडं तसाच बघतात. तुमच्याकडं कशी जेवायची ओ?"

मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. विचारू नकोस, नुसतं वाढ.

मी म्हणाले, "नवीन आहे गं अजून. वेळ लागतो. होईल सवय."

तिला चहा दिला, पोहे दिले. पोह्यांना ती दोनदा नको म्हणाली.

२८ जून

का नाही सांगितलं? स्वतःपाशी तरी खरं लिहावं. तिच्या तोंडून "नको म्हणतात" ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आनंद. तिथे ती पाहुणीच आहेत अजून. म्हणजे घर त्यांचं हे. दुसरं असं आलं की चार महिने असंच चाललं तर भाऊजीच कंटाळून म्हणतील, वयनी, तुझ्याकडंच बरी होती.

आणि तोवर अभय कच्चे पोहे चावत कुठेतरी उभा. आणि वैशू खिशात भाकरी घालतेय, चिंगीसाठी.

सांगितलं तर पोरं तिची होणार. नाही सांगितलं तर उपाशी राहणार. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे म्हणा. तरी दोन दिवस करतेय.

३० जून

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. म्हणाले, "रविवारी जाऊन ये. मी येत नाही, मला बघवणार नाही." पहिल्यांदाच कळलं की ह्यांचंही तेच झालंय.

३ जुलै, रविवार

बदलापूरला जाऊन आले. सुनंदाला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं. शालूचं वळण, तिसऱ्यांदा वाढण्याचं, मीही आधी कशी फसले तेसुद्धा. मागच्या रविवारी का बोलले नाही, ते मात्र नाही सांगितलं. तेवढं धैर्य नव्हतं.

ती हुशार आहे. जेवायला बसवलं तेव्हा एक शब्द बोलली नाही. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वरण. ताटातलं संपलं की घालायची. अभयने बहिणीकडे पाहिलं, वैशूने मान हलवली, अभय "नको" म्हणाला. सुनंदाने तरी वाढलं. पुन्हा वाढलं. चौथ्या भाकरीला त्याने बहिणीकडे बघणं सोडलं आणि खाली मुंडी घालून खात सुटला. चिंगीने "मला पण, मला पण" केलं. सुनंदाचे डोळे भरलेले, हसतही होती. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला मान वळवावी लागली.

वैशूने एकच भाकरी खाल्ली. तिच्या ताटात सुनंदाने दुसरी टाकली, ती तशीच राहिली.

निघताना रिक्षापर्यंत सोडायला वैशू एकटी आली. देवळापर्यंत पुढे चालत राहिली. मग थांबली.

"काकू, तू का सांगितलंस तिला?"

"काय?"

"तसं वाढायचं. आम्हाला कळलं. तिला कशाला सांगितलंस? आम्ही मुद्दाम नको म्हणत होतो. मीच दोघांना सांगितलं होतं, रोज नको म्हणायचं. कितीही वाढलं तरी. मग बाबा कंटाळून तुझ्याकडे पाठवतील."

तिला तेच सुचलं होतं, जे मला सुचलं होतं. अकरा वर्षांची पोर, आता बारा असेल. तिने त्यासाठी भूक मारली. आणि मी जाऊन सगळं उधळून आले, चांगलं वागायचं म्हणून.

"वैशू, ती वाईट नाहीये गं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर. ती दोघं आता तिचीच होतील."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिची वेणी पाठीवर सारली आणि रिक्षात बसले. येताना अंबरनाथपर्यंत तिच्यासाठी शब्द जुळवत होते, एकही धड जुळला नाही. हे दारातच उभे होते. "जेवली का पोरं?" विचारलं. दोघं जेवली, मी म्हणाले.

पुढच्या रविवारी जायचं की तिला तिथे रुळू द्यायचं, ठरत नाही. भाऊजींना एकट्या वैशूचं विचारावं का, तेही ठरत नाही. ती आज संध्याकाळी जेवली असेल का, एवढंच सारखं मनात येतंय.